कायोटीज वाळवंटामुळे गेले नाहीत

एक वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. "वाळवंटात कुठे आइस हॉकी चालते का? जाणारच होती ती टीम." मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, पुण्याहून भाऊ फोनवर म्हणालाय, आणि टीव्हीवरचे एक्स्पर्ट लोक तर वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत. ॲरिझोना कायोटीज ही आमच्या फिनिक्सची, म्हणजे अमेरिकेतल्या वाळवंटातल्या शहराची, एनएचएलची टीम एप्रिल २०२४ मध्ये युटा राज्यात गेली आणि तेव्हापासून लोक हे आणखीनच ठासून म्हणायला लागलेत. मला ते अजिबात पटत नाही. म्हणून आज सगळं बैजवार लिहून काढतेय, लांबेल, पण वाचा.

आधी भारतातल्या वाचकांसाठी थोडं. ही आपली मैदानावरची हॉकी नाही, बर्फावरची. एनएचएल ही अमेरिका-कॅनडाची लीग, सध्या ३२ टीम्स, प्रत्येक टीम खासगी मालकाची, आणि लीगच्या बाकीच्या मालकांनी मान्यता दिली की टीम उचलून दुसऱ्या शहरात नेता येते. अरेना मात्र बऱ्याचदा शहराच्या मालकीचं असतं आणि टीम तिथे करारावर राहते. बाहेरून नुसती तिकिटं दिसतात पण खरा पैसा पार्किंग, खाणंपिणं, कंपन्यांना विकलेले बॉक्स, बिल्डिंगला दिलेलं कंपनीचं नाव, मधल्या दिवशी होणाऱ्या कॉन्सर्ट्स ह्या सगळ्यात असतो, आणि तो कोणाच्या खिशात जाणार हे त्या करारावर ठरतं. म्हणजे टीम चांगली खेळते की वाईट ह्याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, ती कोणाच्या छपराखाली आणि कुठल्या अटींवर खेळते ह्याला महत्त्व. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. २०११ ला पुणे वॉरियर्स आली, सुरुवातीला "घरचे" सामने नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला, मग गहुंजेला, आणि २०१३ मध्ये टीमच संपली. भांडण मालकांचं आणि बोर्डाचं, पैशाचं, बँक गॅरंटीचं. गहुंजेला उन्हात बसून ओरडणाऱ्या माणसाचा त्यात काय संबंध होता? कायोटीजच्या लोकांनी तेच अठ्ठावीस वर्षं सहन केलं.

टीम मुळात इथली नव्हतीच. कॅनडातली विनिपेग जेट्स, १९७९ पासून एनएचएलमध्ये. नव्वदीच्या दशकात कॅनडाचा डॉलर घसरलेला, खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, अरेना जुनं, आणि नवं कोणी बांधून देईना. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, शहरभर वर्गणी गोळा केली, लहान मुलांनी आपले गल्ले रिकामे केले, तरी १९९६ ला टीम फिनिक्सला आली. हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्याकडे टीम आली ती कोणाच्या तरी रडण्यावरच आली, आणि हे फिनिक्सच्या जुन्या फॅन्सना चांगलं माहीत होतं.

इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून घर चुकीचं. डाउनटाउनचं अमेरिका वेस्ट अरेना हे १९९२ चं, बास्केटबॉलच्या फिनिक्स सन्स टीमसाठी बांधलेलं. बास्केटबॉलचं कोर्ट छोटं आणि हॉकीचं बर्फ बरंच लांबलचक, त्यामुळे एका टोकाच्या वरच्या सीट्स अक्षरशः बर्फावर लोंबकळायच्या आणि तिथे बसलेल्याला खालचा गोलच दिसायचा नाही. एक जुने फॅन मला सांगायचे की त्या बाजूला पक (बॉलऐवजी असते ती रबराची चकती) गेला की शेजारच्या माणसांसकट सगळे मान वर करून स्क्रीन बघायचे, आणि गोल झाला हे समोरच्या बाजूच्या आरडाओरड्यावरून कळायचं. अशा हजारो सीट्स. एक तर त्या विकायच्याच नाहीत, नाहीतर स्वस्तात विकायच्या. वर टीम तिथे नुसती भाडेकरू, बिल्डिंगचा बाकीचा पैसा दुसऱ्याचा.

मग नवं अरेना हवं म्हणून शोधाशोध सुरू झाली. २००१ मध्ये स्टीव्ह एलमन नावाच्या बिल्डरने टीम घेतली, सोबत खुद्द वेन ग्रेट्झकी भागीदार (हॉकीत ह्याच्यापेक्षा मोठं नाव नाही). एलमनच्या डोक्यात स्कॉट्सडेल होतं, बंद पडलेल्या एका मॉलच्या जागी. आणि ती जागा योग्य होती हो! कारण फिनिक्सच्या आसपासचं सगळं पसरलेलं शहर, ज्याला आम्ही नुसतं व्हॅली म्हणतो, त्यात हॉकीला तिकीट काढून जाणारी बहुतेक माणसं पूर्वेला राहतात, स्कॉट्सडेल, टेंपी, मेसा, गिल्बर्ट, आमचं चँडलर. मिशिगन, मिनेसोटा, शिकागोहून थंडीला कंटाळून आलेली कुटुंबं इथेच. पण स्कॉट्सडेलशी काही जमलं नाही आणि टीम गेली पार पश्चिमेला, ग्लेंडेलला. डिसेंबर २००३ मध्ये नवं अरेना उघडलं, खर्च २२ कोटी डॉलर, त्यातले १८ कोटी शहराचे.

ग्लेंडेलचं अरेना सुंदर होतं, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. हॉकीसाठीच बांधलेलं, कुठूनही बसा, सगळं बर्फ दिसतं. पण चँडलरहून कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सामन्याला जाऊन बघा. साडेपाचला ऑफिसातून निघायचं, २०२ फ्रीवे धरायचा, मग आय-टेन, डाउनटाउनच्या बोगद्याच्या आधी ब्रेकलाइटची लाल रांग, बोगद्यातून बाहेर पडलात की सूर्य सरळ डोळ्यात, मग १०१ वरून उत्तरेला. नेहमी पाऊण तासाचा रस्ता, त्या वेळेला सव्वा-दीड तास कुठे गेला नाही. पार्किंग करून आत शिरेपर्यंत पहिला पिरियड अर्धा संपलेला असायचा. परत यायला अकरा-साडेअकरा, दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा. हे शनिवारी चालतं, मंगळवारी नाही. आणि सीझनमध्ये घरचे ४१ सामने असायचे, त्यातले शनिवार किती येणार? मग कॅमेरे रिकाम्या खुर्च्यांवर फिरायचे आणि टोरोंटोतल्या स्टुडिओत बसलेली मंडळी म्हणायची, बघा, वाळवंटात हॉकी कोणाला नको आहे. आमच्या बाजूने थेट पश्चिमेला जाणारा साउथ माउंटन फ्रीवे उघडला तो २०१९ च्या डिसेंबरात, तोवर वेळ निघून गेलेली.

मालकांचं म्हणाल तर ती यादीच आहे. एलमनकडून २००६ मध्ये ट्रकिंगवाले जेरी मोयेस ह्यांच्याकडे ताबा आला. तोटा वाढत गेला आणि ५ मे २००९ ला मोयेसनी टीमसाठी थेट दिवाळखोरीचा अर्ज केला. अर्जासोबत खरेदीदारही तयार, ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली, २१.२५ कोटी डॉलर, अट एकच की टीम कॅनडात हॅमिल्टनला जाणार. ह्याच बाल्सिलींनी आधी पिट्सबर्ग आणि नॅशव्हिलच्या टीम्सही घ्यायचा प्रयत्न केला होता. लीग म्हणाली, टीम कुठे राहणार आणि मालक कोण हे आम्ही ठरवणार, दिवाळखोरीचं कोर्ट नाही. उन्हाळाभर फिनिक्सच्या कोर्टात हे चाललं. ग्रेट्झकी तेव्हा कोच होते, सीझन तोंडावर आला आणि सप्टेंबरात त्यांनी पद सोडलं. महिनाअखेरीस न्यायाधीशांनी बाल्सिलींची बोली फेटाळली आणि नोव्हेंबरात लीगनेच टीम १४ कोटी डॉलरला विकत घेतली.

म्हणजे बघा, पुढची जवळजवळ चार वर्षं आमच्या टीमचे मालक होते बाकीच्या २९ टीम्स. ज्यांच्याशी खेळायचं तेच पगार देणार. खेळाडू घ्यायचा तर बजेट लीगचं. आणि दर उन्हाळ्यात बातमी, ह्या वर्षी नक्की जाणार. विनिपेगला तर पक्की खात्री होती की आपली टीम परत येतेय. ग्लेंडेल शहराने टीम राहावी म्हणून दोन सीझन लीगला वर्षाला २.५ कोटी डॉलर मोजले, मंदीच्या काळात, अडीच लाखाच्या आसपास वस्तीच्या शहराने. ह्याबद्दल ग्लेंडेलच्या लोकांचा राग मला समजतो, तो पैसा त्यांच्या लायब्ररीचा आणि पोलिसांचा होता. शेवटी २०११ मध्ये विनिपेगला अटलांटाची टीम मिळाली आणि आम्ही वाचलो, तेवढ्यापुरते.

आणि ह्या असल्या परिस्थितीत २०१२ घडलं. मी त्याच्या आदल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले होते, हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, शेजारणीने एक्स्ट्रा तिकीट आहे म्हणून नेलं. प्लेऑफ, समोर शिकागो. अरेनातली झाडून सगळी माणसं पांढऱ्या कपड्यात, व्हाइट-आउट म्हणतात त्याला, विनिपेगहून टीमबरोबर आलेली प्रथा. त्या सिरीजचे पहिले पाचच्या पाच सामने ओव्हरटाइममध्ये गेले! ओव्हरटाइममध्ये एक गोल की खेळ खलास, त्यामुळे प्रत्येक शॉटला सतरा हजार माणसं एकदम श्वास धरतात, आणि गोलकीपर माइक स्मिथने पक अडवला की तो सोडलेला श्वास ऐकू येतो. सहाव्या सामन्यात, शिकागोला, त्याने ३९ शॉट्स अडवले, ४-० ने जिंकलो. फिनिक्सला आल्यापासून टीमने जिंकलेली ती पहिली प्लेऑफ सिरीज. मग नॅशव्हिललाही हरवलं आणि लॉस एंजेलिसकडून कॉन्फरन्स फायनल हरलो. मालक नसलेली टीम, पुढच्या वर्षी ह्या शहरात असू की नाही हे माहीत नसलेले खेळाडू, कोच डेव्ह टिपेट, कॅप्टन शेन डोन, आणि हे लोक शेवटच्या चारात. अरेना खचाखच. वाळवंट तेव्हाही होतं ना तिथेच?

शेन डोनबद्दल थोडं लिहायलाच हवं. १९९५ ला विनिपेगमध्ये सुरुवात केली, टीमबरोबर इथे आला आणि २०१७ पर्यंत दुसरीकडे कुठेच खेळला नाही. मध्ये मोठ्या टीम्सनी बोलावलं, मालक कोण तेच माहीत नसताना हा माणूस थांबला. फॅन्ससाठी कायोटीज म्हणजे मालक नाही, अरेना नाही, डोन.

विक्रीचे प्रयत्न चालूच होते. मॅथ्यू हल्सायझरचा सौदा होत आला होता, शहर त्यासाठी १० कोटींचे बाँड काढणार होतं, पण गोल्डवॉटर इन्स्टिट्यूट ह्या संस्थेने सार्वजनिक पैसा खासगी धंद्याला देता येत नाही म्हणून कोर्टाचा इशारा दिला आणि ते फिसकटलं. मग ग्रेग जेमिसन, जानेवारी २०१३ च्या मुदतीपर्यंत पैसे जमले नाहीत. मग कॅनडातले जॉर्ज गॉस्बी आणि अँथनी लब्लांक ह्यांचा ग्रुप. २ जुलै २०१३ च्या रात्री ग्लेंडेलच्या कौन्सिलमध्ये जर्सी घालून आलेले फॅन्स मीटिंगभर बसून होते, आणि ४ विरुद्ध ३ मतांनी करार पास झाला. शहर वर्षाला १.५ कोटी डॉलर देणार, १५ वर्षं. टीम १७ कोटींना विकली गेली. आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे.

दोनच वर्षं! १० जून २०१५ ला त्याच कौन्सिलने ५ विरुद्ध २ ने तो करार रद्द केला. कारण दिलं ते राज्याच्या कायद्यातलं, शहराच्या बाजूने करारात असलेला माणूस नंतर टीमकडे नोकरीला गेला म्हणून. कायद्याने तो हक्क शहराला असेलही, पण मधल्या काळात कौन्सिलमधली माणसं बदलली होती आणि १.५ कोटी त्यांना जड झाले होते हे उघड होतं. शेवटी तडजोड, दोन वर्षांचा करार, वर्षाला ६५ लाख. आणि त्यानंतर टीमची अवस्था म्हणजे आपल्याकडे अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणारं कुटुंब असतं ना तशी, भिंतीला खिळा ठोकायच्या आधीही विचार करायचा. असं असताना कोणती कंपनी पाच वर्षांची स्पॉन्सरशिप देईल? कोणता फॅन सीझन तिकीट काढेल? कोणता चांगला खेळाडू बायकापोरांना घेऊन इथे घर घेईल? आणि मग परत तेच, बघा बघा, इथे हॉकी चालत नाही.

मालक पुन्हा बदलले. अँड्र्यू बॅरोवेने २०१४ च्या शेवटी ५१ टक्के घेतले, २०१७ मध्ये बाकीच्यांना बाहेर काढून सगळी टीम. मधे टेंपीत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर अरेना बांधायचं ठरलं, नोव्हेंबर २०१६ मध्ये घोषणा, फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिव्हर्सिटी बाहेर. जुलै २०१९ मध्ये ॲलेक्स मेरुएलो आले, एनएचएलमधले पहिले लॅटिनो बहुमत-मालक, आणि ॲरिझोनासारख्या राज्यात ह्याचं महत्त्व होतं, मला खरंच आशा वाटली होती. पण ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेंडेलने सांगितलं की ह्या सीझननंतर करार वाढवणार नाही. डिसेंबरात थकलेल्या रकमांवरून दारं बंद करायची नोटीसही दिली. टीमच्या बाजूने ही मानवी चूक असल्याचं सांगितलं गेलं आणि पैसे लगेच भरले गेले, पण शहर आणि टीममध्ये आता काही उरलेलं नाही हे सगळ्यांना दिसलं.

आणि मग मुलेट अरेना.

जगातली सगळ्यात मोठी हॉकी लीग, आणि टीम खेळणार युनिव्हर्सिटीच्या ५,००० सीट्सच्या नव्या अरेनात, एनएचएलसाठी त्यातल्या ४,६०० च. बाकी ठिकाणी अठरा हजार. देशभर हसले लोक. पहिला सामना २८ ऑक्टोबर २०२२, समोर कोण तर विनिपेग. पाहुण्या टीमच्या ड्रेसिंग रूम्स तयार नव्हत्या, शेजारच्या प्रॅक्टिस रिंकवर पडदे लावून तात्पुरती सोय केलेली. ते बांधकाम पूर्ण व्हावं म्हणून टीम सलग १४ सामने बाहेरगावी खेळली.

पण मी तिथे गेलेय, आणि मी सांगते, त्या जागी हॉकी जशी दिसली तशी कुठेच दिसणार नाही. सगळ्यात मागची रांग म्हणजे मोठ्या अरेनातली विसावी रांग असेल नसेल. स्केटच्या पात्याने बर्फ खरवडल्याचा तो कर्रर्र आवाज वरपर्यंत यायचा. खेळाडू एकमेकांना ओरडून काय सांगताहेत ते ऐकू यायचं, स्टिक मोडली की कडकन आवाज यायचा, आणि कोणी कोणाला काचेवर आदळलं की माझ्या हातातली कॉफी हलायची. एका टोकाला युनिव्हर्सिटीची पोरं, पहिल्या मिनिटापासून उभी, गात, समोरच्या गोलकीपरला नावाने हाका मारत. माझी मुलगी काचेजवळ जाऊन उभी राहिली तर आमच्या टीमचा क्लेटन केलर वॉर्म-अपमध्ये थांबला आणि काचेवरून पक टाकला तिच्यासाठी. तिकिटं महाग होती, कारण होतीच मोजकी, त्यामुळे आम्ही फार वेळा नाही जाऊ शकलो. पण घरापासून वीस-पंचवीस मिनिटं, ऑफिसातून येऊन, जेवून, आरामात. पूर्वेला अरेना असतं तर काय झालं असतं हे त्या दोन वर्षांत आम्हाला छोट्या प्रमाणात बघायला मिळालं.

मुलेट तात्पुरतं होतं. खरा प्लॅन त्याच्यापासून दोनेक मैलांवर, टेंपी शहराच्या ४६ एकर जमिनीवर. जुना कचरा डेपो होता तिथे. अरेना, हॉटेल्स, थिएटर, फ्लॅट्स, दुकानं, मिळून २१० कोटी डॉलरचा प्रोजेक्ट, आणि बांधकाम खासगी पैशाने, शहर त्या बदल्यात बरीच वर्षं करात सूट देणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेंपी कौन्सिलने एकमताने लोकांकडे पाठवला आणि १६ मे २०२३ ला मतदान, तीन प्रश्नांवर. विरोधात मुद्दे होते, नाही असं नाही. जागा स्काय हार्बर विमानतळाच्या विमानांच्या वाटेखाली, तिथे फ्लॅट बांधायला विमानतळवाल्यांचा आणि फिनिक्स शहराचा विरोध, प्रकरण कोर्टात. भाडी आधीच भडकलेली. आणि करसवलत कशाला द्यायची श्रीमंत माणसाला?

टेंपीत राहणारा आमचा एक मित्र, औरंगाबादचा, माझ्यापेक्षा मोठा हॉकीवेडा, त्याने विरोधात मत दिलं. मी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, टीमवर विश्वास आहे, पण ग्लेंडेलचं काय झालं ते तूच सांगितलंस ना मला? उद्या टीम गेली तर सवलत दिलेली जमीन आणि आम्ही." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चँडलरची, मला मत नव्हतं. तिन्ही प्रश्नांवर नकार आला, साधारण ५६ टक्के विरोधात. त्या रात्री मला कळलं की आता संपलं, आणि ते हॉकीमुळे नाही संपलं, वीस वर्षं ज्याने त्याने केलेल्या वायद्यांमुळे संपलं. लोकांनी खेळाला नाही म्हटलं नाही, त्यांनी आणखी एका करारावर सही करायला नाही म्हटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मेरुएलोंनी उत्तर फिनिक्समध्ये सरकारी जमिनीच्या लिलावाची वाट धरली, किमान बोली ६.८५ कोटी डॉलर, लिलाव जून २०२४ मध्ये. पण लीग आणि खेळाडूंची संघटना मुलेटमध्ये आणखी तीन-चार वर्षं काढायला तयार नव्हती, आणि तेही खरंच आहे. एप्रिलमध्ये टीम एडमंटनला असताना खेळाडूंना सांगितलं गेलं. १७ एप्रिलला मुलेटमध्ये शेवटचा सामना, त्याच एडमंटनला ५-२ हरवलं. सामना संपल्यावर कोणी घरी जायला तयार नाही, खेळाडूही बर्फावरच. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, विनिपेगच्या काळातली जर्सी घालून, एकटेच. दुसऱ्या दिवशी लीगच्या मालकांनी शिक्कामोर्तब केलं. युटाचे रायन स्मिथ १२० कोटी डॉलर देणार, त्यातले १०० मेरुएलोंना, २० लीगला. नाव, लोगो मेरुएलोंकडेच, आणि पाच वर्षांत अरेना बांधलं तर नवी टीम मिळेल असा पर्याय. जूनमध्ये, अरेनासाठी आधी खास परमिट हवं म्हणून, लिलावच रद्द झाला आणि त्यांनी तो हक्क सोडून दिला. अठ्ठावीस वर्षांची गोष्ट आणि शेवट एका परमिटवर!

सगळ्यात जास्त मला जे लागलं ते वेगळंच. टीम युटात जिथे गेली ते सॉल्ट लेक सिटीचं डेल्टा सेंटरसुद्धा बास्केटबॉलसाठीच बांधलेलं आहे. तिथेही हजारो सीट्सवरून एक गोल नीट दिसत नव्हता. १९९६ च्या फिनिक्ससारखीच अडचण, तंतोतंत. फरक एवढाच की तिथे टीमचा मालक आणि बिल्डिंगचा मालक एकच, बास्केटबॉलची युटा जॅझ टीमही त्याचीच, शहर आणि राज्य त्याच्या पाठीशी, आणि अरेनाची तोडफोड करून सीट्स दुरुस्त करायचं काम लगेच हातात घेतलं गेलं. तिकडे कोणी म्हटलं नाही की युटात हॉकी चालत नाही. फिनिक्सला हे पहिल्या दिवशी मिळालं असतं तर? युटाच्या लोकांवर माझा राग नाही. विमानतळावर स्टिक्स घेऊन आलेली तिथली पोरं मी टीव्हीवर पाहिली, त्यांचा काय दोष.

आणि वाळवंटात हॉकी चालत नाही म्हणणाऱ्यांना मी नावंच सांगते. ऑस्टन मॅथ्यूज, स्कॉट्सडेलला वाढला, लहानपणी कायोटीजचे सामने बघून खेळायला लागला, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यात पहिला. मॅथ्यू नाइज, जन्म फिनिक्सचा, दोघेही टोरोंटोला खेळतात, हो, त्याच टोरोंटोला. लिंडसी फ्राय, आमच्या चँडलरची, २०१४ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेसाठी रौप्यपदक, परत येऊन इथल्या मुलींची टीम उभी केली. आणि जॉश डोन, शेनचा मुलगा, स्कॉट्सडेलला जन्मला, ॲरिझोना स्टेटकडून मुलेटमध्येच कॉलेज हॉकी खेळला, मार्च २०२४ मध्ये वडिलांच्या टीमकडून पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. टीम जायच्या तीन आठवडे आधी. पुढे २०२५ मध्ये युटाने त्याला बफेलोला दिला.

ही मुलं टीम होती म्हणून झाली. टीव्हीवर बघून नाही, तर सामन्याला गेली, खेळाडू त्यांच्या रिंकवर आले, निवृत्त झालेले खेळाडू इथेच राहिले आणि कोच झाले. माझी मुलगी आता अकरा वर्षांची, शनिवारी पहाटे चँडलरच्या रिंकवर असते, बाहेर मे महिन्यात ४० डिग्री आणि आत आम्ही आया स्वेटर घालून बसतो. तिच्या टीममध्ये निम्म्या मुलींच्या आईवडिलांना स्केटिंग येत नाही. पुढच्या पाच-सात वर्षांत जी मुलं सुरुवात करतील त्यांनी केलर पाहिलेला नसेल, ह्याची मला काळजी आहे, आणि मालकांच्या त्या यादीतल्या कोणाला ती आहे असं दिसलं नाही.

टीम परत यावी असं वाटतं का? वाटतं. पण आधी बिल्डिंग, तीही पूर्वेला किंवा निदान मध्यावर, आणि तिचा मालक तोच जो टीमचा मालक. त्याच्या आधी कोणी चकचकीत चित्रं घेऊन आलं तर मी तरी जर्सी घालून कौन्सिलच्या मीटिंगला बसणार नाही. युटाचे सामने मी बघते, केलर आता तिथला कॅप्टन आहे, त्याच्यासाठी बघते. त्यांची जर्सी घेतलेली नाही, घेणार नाही, मुलीला हवी असेल तर तिने घ्यावी.

मुलेटमध्ये अजून हॉकी चालू आहे बरं का. ॲरिझोना स्टेटची कॉलेज टीम, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, तिकिटं परवडणारी, आणि ती पोरं अजूनही पहिल्या मिनिटापासून उभीच असतात. व्हॅलीत राहणारं कोणी मराठी हे वाचत असेल आणि एकदाही आइस हॉकी समोर बसून पाहिली नसेल तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की एकत्र जाऊ. स्वेटर आणा.